दोन फिल्टर

गाडी का काढत नाही म्हणून विचारलंत ना? ऐका. हे गेल्यानंतर पहिल्यांदाच मी ऑइल फिल्टर आणायला गेले. यांच्या ओळखीच्या दुकानदाराने दोन फिल्टर पुढे ठेवले.

“यातला चांगला कोणता?”

“दोन्ही चांगलेच की, वहिनी. पण साहेब आतला कागद, रबर बघितल्याबिगर घेत न्हाईत. त्यांनाच पाठवा.”

खरं सांगायला तोंड उघडेना. “ते बाहेर आहेत,” म्हणाले.

“मग विचारतो की!” त्याने लगेच यांना फोन लावला.

फोन माझ्याच पर्समध्ये वाजला. मी तो अजून बंद केलेला नाही.

“तुमच्यापाशीच ठिवून गेले व्हय?” तो हसला. “येऊ द्या त्यांना. घाई काय हाय?”

म्हटलं, “घाई काहीच नाही.”