मंगलअक्काचा सातवा किल्ला

मंडळी, माझा आजचा प्रश्न साधा आहे. घरात नवं आलं, की त्यानं जुन्याला ओळख दाखवावी की नाही? माना डोलवू नका, उत्तर द्या! नाही ना देता येत? मग ऐका.

मिरजेत उदय शेटे नावाचे गृहस्थ. वय सत्तेचाळीस, पोट त्याहून थोडं पुढं. त्यांची थोरली बहीण मंगलअक्का, दिली बेळगावला. लहानपणी दोघांत मिळून एकच हातातला व्हिडिओ गेम. कॅसेट घालायची, नाही चालली की काढून फुंकर मारायची – हसू नका, तुम्हीही मारलीय!

अक्काच्या लग्नाचा दिवस. अंतरपाट धरलाय, भटजी घसा साफ करतायत, आणि नवरी कुठंय? मुंडावळ्या बांधून सातव्या किल्ल्यावर! मामा न्यायला आले, तेव्हा तिनं डाव कॅसेटमध्ये साठवला आणि भावाला दम दिला, "ए उद्या, तिथला राक्षस मीच मारणार. हात लावलास तर याद राख!"

पुढं आईच्या तेराव्याला शब्दाला शब्द लागला. अक्का उठून गेली. नऊ वर्षं भाऊबीज नाही, मंडळी! नऊ!

तो जुना खेळ तर केव्हाच बंद पडलेला. यंदा त्याच कंपनीचं नवं यंत्र आलं. जुन्या कॅसेटा चालतात म्हणे! दुकानदार म्हणाला, "साहेब, त्यापेक्षा हे दुसऱ्या कंपनीचं घ्या. पडदा मोठा, वेग दुप्पट, वर स्वस्त."

"यात जुनी कॅसेट चालते?"

"जुनं कोण खेळतं हो आता?"

उदयरावांनी महागडं उचललं आणि बेळगावला फोन लावला. "अक्के, तुझा डाव तसाच ठेवलाय. ये."

पलीकडून एकच शब्द – "बघते."

आणि भाऊबीजेला अक्का आली! सोबत दाजी. दाजींच्या पिशवीत, मंडळी, तेच दुसऱ्या कंपनीचं यंत्र! ओवाळून झालं. उदयरावांनी कॅसेट घातली. अक्काशिवाय हात लावायचा नाही म्हणून आधी घालूनही पाहिली नव्हती. पडदा काळा. काढली, घातली. काळाच!

दाजी म्हणाले, "मेव्हणं, आमच्यात निदान चित्र तरी दिसतंय."

उदयरावांच्या मनात आलं – बोलावून आणलं आणि तोंडघशी पडलो! आता ही उठणार... ती पुन्हा कशाला येते?

अक्कानं कॅसेट हातात घेतली. डोळ्यांजवळ नेली. "उद्या, हिच्या या पितळी दातांत कुंकू कुणी भरलं रे?"

उदयरावांच्या सौभाग्यवती दारातूनच म्हणाल्या, "अहो वन्सं, खंडेनवमीला पूजेत ठेवली होती मी. यांचं हत्यार तेच की!"

पाहिलंत? यंत्र ओळख दाखवायला तयार, आणि आपणच भक्तिभावानं त्याचं तोंड बुजवलेलं! अक्कानं केसांतली पिन काढली, तिला पदराचं टोक गुंडाळलं, एकेक दात पुसला, आणि वयाच्या बावन्नाव्या वर्षी – फू!

वाजलं, मंडळी! तेच जुनं संगीत! दाजीसुद्धा पुढं सरकले.

पण साठवलेला डाव? कोरा. कॅसेटमधला इवलासा सेल कधीच संपलेला. सातवा किल्ला नाही, पहिलाही नाही.

उदयराव खाली बघत म्हणाले, "अक्के, देवाशप्पथ, मी हात लावला नव्हता."

"इतकी वर्षं तू ही रिकामीच सांभाळलीस?"

"मला काय माहीत रिकामी आहे."

अक्कानं पदर खोचला. मग मांडी घालून बसली. "सरक तिकडं. पहिल्यापासून. पण आधी मी!"

दाजी म्हणाले, "अगं, साडेचारची गाडी..."

"तुम्ही जावा."

तर मंडळी, कंपन्या भांडू देत. कुणाचा पडदा मोठा, कुणाचा वेग जास्त, त्यांचं त्या बघतील. मी तुम्हाला विचारतो. तुमच्यावर रुसून गेलेलं कुणी आहे? असणारच. त्यांना फोन करून, तुमची जागा तशीच ठेवलीय, असं सांगितलंत कधी? ती जागा खरोखर तशीच राहिली असेल-नसेल, ते आल्यावर दोघं मिळून बघा. आणि आले, तर कृपा करून जुना हिशेब मांडू नका. पहिला डाव त्यांना द्या.