जाळीच्या दाराची गाठ

मुलगी : अगं, मग उघड ना दार!

आई : उघडत असतं तर तुला जाळीबाहेर ताटकळत ठेवलं असतं का? गाठ सुटत नाहीये.

मुलगी : तूच बांधलेली?

आई : मीच. दोऱ्या विणायच्या वर्गात मागच्या बुधवारी शिकवली, आठ पदरांची. बांधताना झक्कास जमली. आता कुठून सुरुवात केली तेच आठवेना.

मुलगी : साधं कुलूप लावायचं सोडून हे काय गं?

आई : कुलूप लावलं की तुझे बाबा दार बडवतात, सगळी इमारत गोळा होते. गाठ दिली की गप्प सोडवत बसतात. जन्मभर ट्रकवर माल बांधला ना. माझं नाव विसरले, बोटं नाही विसरली. तेवढ्यात माझी आंघोळ उरकते.

मुलगी : म्हणून तू साठीनंतर दोऱ्या विणायला शिकतेयस? मला वाटलं, हौस!

आई : आधी नव्हती, आता आहे. जुनी गाठ हे चुटकीसरशी सोडवतात आणि निघतात रस्त्याने, म्हणून रोज नवी हवी. पण खरं सांगू? बुधवारचे ते दोन तास मी कुणाची कोणी नसते. बाई म्हणतात, हात छान आहे तुमचा. मला कोणी छान म्हणून किती वर्षं झाली!

मुलगी : थांब, खालच्या शिंप्याकडून कात्री आणते. बाबांच्या हाती लागू नयेत म्हणून घरातल्या सगळ्या मीच नेऊन ठेवल्यात.

आई : खबरदार! माझा पडदा आहे तो. दोन महिने विणलाय. प्रदर्शनासाठी बाई आजच निवडणार आहेत. सकाळी दोरी सापडेना, म्हणून त्याचीच टोकं बांधली दाराला.

मुलगी : धन्य आहेस!

आई : हस, हस. वर्ग सुटायला पाऊण तास राहिलाय.

मुलगी : मग बाबांनाच सांग की.

आई : आणि उद्या? याच्या पुढची गाठ मला येत नाही.

मुलगी : उद्याचं उद्या बघू. बाबा! अहो बाबा, जरा इकडे या. ही गाठ बघा.

बाबा : कोणी बांधली?

आई : मी.

बाबा : ओल्या हातांनी ओढलीस. दगड झालाय नुसता. बाजूला सर. ओढायचं नसतं, ढकलायचं. हे असं. मग हे टोक. झालं.

मुलगी : वा! आई, पिशवी घे आणि पळ. मी बसते यांच्याजवळ... बाबा? बाबा, परत का बांधताय?

बाबा : ही बाई सारखी जाते.

आई : अहो, तासाभरात येते ना परत. सोडा ते टोक.

बाबा : जाते आणि दिसत नाही. मग मला शोधायला जावं लागतं. रस्ते सापडत नाहीत.

आई : मला? मला शोधायला जाता तुम्ही?

बाबा : मग कोणाला?

(दोरी आवळल्याचा करकर आवाज.)

बाबा : ही नाही सुटायची. ही माझी आहे.

मुलगी : आई, बघत काय राहिलीस? सोडव! अजून पोचशील.

आई : नाही गं सुटत.

मुलगी : मग आणू कात्री? एक टोक कापलं तर पडदा काही जात नाही. आई, ऐकतेयस ना?

आई : नको.

मुलगी : अगं, आज निवडणार आहेत म्हणालीस!

आई : बाईंना फोन कर. म्हणावं, आज जमत नाही. पुढच्या बुधवारचंही आत्ताच काही बोलू नकोस... अहो, सुरुवात कुठून केलीत? परत दाखवा. जरा हळू.