स्कूटरची करवत

सासूबाई : ...आणि वर मलाच म्हणतात, "आई, जरा बाजूला होता का, तुम्ही रुळावर उभ्या आहात." रुळावर! माझ्याच अंगणात, माझ्याच मोरीपाशी, मी म्हणे रुळावर उभी. आगगाडी येणार होती का गं तुझ्या नवऱ्याची?

लेक : आई, हळू बोल. ते बाहेरच आहेत.

सासूबाई : बाहेरच आहेत म्हणून तर मोठ्याने बोलतेय. जावई पडले, तोंडावर बोलायची सोय नाही. आपण भिंतीला सांगायचं आणि भिंतीने त्यांना ऐकवायचं.

लेक : म्हणजे मी भिंत?

सासूबाई : भिंत परवडली. ती नवऱ्याची बाजू घेत नाही.

लेक : अगं, पण बिघडलं काय एवढं? स्कूटर शेडमध्ये गंजतच पडली होती ना?

सासूबाई : गंजत होती, पण स्कूटर म्हणून गंजत होती. आता काय म्हणायचं तिला? पुढचं चाक डावीकडे, मागचं उजवीकडे, आणि दोघांच्या अंगावरून करवतीची पट्टी फिरतेय. लग्न झाल्यावर पहिल्यांदा माहेरी गेले ती याच स्कूटरवर मागे बसून. आता बसले तर माहेरी दोन खेपांत पोचेन.

लेक : बाबांना विचारूनच खोलली त्यांनी. बाबांनी मान हलवली.

सासूबाई : तुझ्या बाबांची मान पंख्याच्या वाऱ्यानेसुद्धा हलते. ती परवानगी असती तर या घरावर केव्हाच दुसऱ्याचं नाव लागलं असतं. आणि छपरासाठी आणून ठेवलेले लोखंडी अँगल? ते कुणाच्या मानेने गेले?

लेक : त्यांचेच रूळ झालेत. त्यावरून यंत्र पुढे ढकलायचं, की खाली ओंडका कापत जातो.

सासूबाई : छप्पर गळू दे मग. पाऊस आला की सगळे मिळून रुळावर बसू. आणि माझी भांड्यांच्या साबणाची बाटली उलटी टांगलीय तिथे, ती?

लेक : पट्टीवर थेंब थेंब साबणाचं पाणी पडावं लागतं. नाहीतर ती लाकडात तापते आणि चिकटते.

सासूबाई : चांगलं आहे. घरातली कढई खरखरीत राहिली तरी चालेल, करवत मात्र लख्ख हवी.

लेक : आई, एक सांगू? कारखाना बंद पडल्यापासून ते पहिल्यांदाच नीट जेवायला लागलेत. इतके महिने एकच पेपर चारचारदा वाचत होते. शेवटी शेवटी हरवले-सापडलेसुद्धा पाठ झालं होतं. हातात पाना आला तेव्हा कुठे माणसात आले.

सासूबाई : मी एका शब्दाने कधी विचारलं, का बसलात म्हणून?

लेक : शब्दाने नाही विचारलंस. केर काढताना त्यांना पाय वर घ्यायला लावायचीस. दिवसातून तीनदा.

सासूबाई : मग धूळ काय जावयाचा मान ठेवून शेजाऱ्यांकडे बसायला जाणार होती?

लेक : ऐक ना. नाक्यावरच्या सुताराने शब्द दिलाय. म्हणाला, एक फळी दाखवा, दोन्ही टोकांना सारखी निघालेली. मग माझं सगळं काम तुमच्याकडे. वादळाने किती झाडं पडलीत बघ लोकांच्या आवारात. ती वखारीपर्यंत न्यायची कुणी? हे यंत्र सुटं करून तिथे नेता येतं. त्यांचा पोटापाण्याचा प्रश्न सुटेल गं.

सासूबाई : आणि मी वखारवाल्याला शब्द दिलाय, त्याचं काय? अंगणातला आपला ओंडका न्यायला आज टेम्पो घेऊन येतोय तो.

लेक : ओंडका गेला तर ते कापणार काय? हवा?

सासूबाई : हवाच कापतायत इतके दिवस. बरं, सांग त्यांना, टेम्पो दारात लागेपर्यंत काय करायचं ते करा. फळी निघाली तर निघाली. नाही निघाली तर ओंडका वखारीत आणि ते धूड भंगारात. मग माझ्याकडे कुणी डोळ्यांत पाणी आणून बघायचं नाही. तूही नाही.

जावई : आई, सुरू करतोय. जरा लांब उभ्या राहा.

सासूबाई : किती लांब? माहेरी जाऊ?

जावई : नाही नाही, दारात राहिलात तरी चालेल. काल ओंडक्याची एक बाजू कापून घेतली, आज ती बाजू खाली करून तो पालथा घातलाय. आता वरची बाजू कापली की दोन्ही अंगं सपाट. मग त्याच्या फळ्याच फळ्या. गिअर टाकतो.

सासूबाई : गिअर? जायचंय कुठे?

जावई : कुठे नाही. पट्टीला वेग यायला गिअर लागतो.

सासूबाई : मग हॉर्न पण वाजवा. लाकडाला कळायला नको, आपण येतोय ते?

लेक : आई!

जावई : हॉर्न काढून ठेवलाय, आई. तुम्हाला हवा असेल तर स्वयंपाकघरात बसवून देतो.

सासूबाई : बघितलंस? आता उलट बोलायलाही लागले. मारा किक.

(यंत्र सुरू होतं. बराच वेळ कुणाचंच काही ऐकू येत नाही. मग बंद होतं.)

जावई : झालं! हात लावून बघा, आई. कुठे खाच नाही, लाट नाही.

सासूबाई : हं. गुळगुळीत आहे खरं.

लेक : अहो, पण इकडच्या टोकाला केवढं जाड आहे हे! आणि तिकडे?

जावई : तिकडेही तेवढंच असणार.

सासूबाई : व्हा बाजूला, मी बघते. इकडे माझी वीत भरून वर दोन बोटं. आणि तिकडे... तिकडे वीतसुद्धा भरत नाही. जावईबापू, ही फळ्यांची तयारी आहे की हत्तीच्या दाराला लावायची पाचर?

जावई : असं कसं होईल? रूळ मी पाणसळ लावून बसवलेत. नळीत पाणी भरून दोन्ही टोकं चारचारदा ताडून बघितली. चाकं बघितली, पट्टीचा ताण बघितला. पट्टी वाकडी जाणंच शक्य नाही.

सासूबाई : मग लाकूड चालत गेलं असेल.

जावई : पट्टी सरळ गेली. म्हणजे ओंडकाच तिरका बसलाय. पण तो तर खाली थेट...

लेक : थेट काय?

जावई : काही नाही.

लेक : थेट अंगणावर ठेवलाय ना?

जावई : मी काही म्हटलं नाही हं, आई.

सासूबाई : म्हणूसुद्धा नका. या अंगणाचं नाव काढायचं नाही. उन्हात उभी राहून करून घेतलंय मी. गवंडी रडायचा बाकी होता. आरशासारखं सरळ आहे!

जावई : हो, मी विचारलं तेव्हाही तुम्ही तेच म्हणालात. "आई, अंगण सरळ आहे ना?" तर म्हणालात, "विचारता काय, सरळच आहे."

सासूबाई : मग? आहेच सरळ!

लेक : आई, मग अंगण धुतल्यावर पाणी मोरीकडे कसं जातं?

सासूबाई : कसं जातं म्हणजे? उतार दिलाय मी म्हणून जातं. गवंडी नको म्हणत होता, मी छातीवर बसून द्यायला लावला. नाहीतर सगळं पाणी स्वयंपाकघरात आलं असतं.

सासूबाई : काय झालं? दोघं माझ्याकडे असे का बघताय, मी दूध उतू घालवल्यासारखे?

लेक : उतार आहे, आई.

सासूबाई : आहेच. चांगला ऐसपैस आहे. उतार वेगळा आणि वाकडं वेगळं! सरळ म्हणजे कुठे खड्डा नाही, उंचवटा नाही, चालताना ठेच लागत नाही. याला सरळ नाही म्हणत तर काय म्हणतात?

जावई : सरळच म्हणतात, आई.

लेक : तुम्ही गप्प बसा हो! रुळांना चारचारदा नळी लावलीत, अंगणाला एकदा लावायला काय झालं होतं?

जावई : अगं, आईंनी सरळ आहे म्हटल्यावर त्यांच्या डोळ्यांदेखत नळी घेऊन मोजत बसू? कसं दिसलं असतं ते? त्यांच्याच घरात राहायचं, त्यांचंच खायचं, आणि त्यांचाच शब्द मोजून बघायचा?

लेक : आई, काहीतरी बोल ना.

सासूबाई : थांब, फोन वाजतोय माझा. हां, कोण, वखारवाले? बोला... टेम्पो निघाला? बरं... नाही, ओंडका आहे जागेवर. एका बाजूला थोडा जास्त आहे, एवढंच... हो, यंत्र लावलंय आमच्याकडे. तुम्हाला कुणी सांगितलं?... काय? काय म्हणालात?... पुन्हा बोला बघू. घरजावयाचे खेळ?... हसू नका, ऐका. माझ्या घरात कोण बसलंय ते मी बघेन, तुमच्या वखारीत उंदीर बसलेत ते तुम्ही बघा. तुमच्याकडून आणलेल्या लाकडाची चौकट बसवली, त्या न्हाणीघराचं दार आजतागायत लागत नाही. आतला माणूस गाणं म्हणतो म्हणून आमची अब्रू राहिलीय... हो, तुमचं मशीन मोठं आहे, माहीत आहे मला. पण ते वाकडं का कापतं ते तुम्हाला कळलंय का अजून? आमच्या जावयाला पहिल्याच फटक्यात कळलंय... नाही. टेम्पो मागे फिरवा. लाकूड घरात लागतंय... कशाला म्हणजे? कापायला! ठेवा.

लेक : आई, तू शब्द मोडलास?

सासूबाई : त्याने आधी तोंड सोडलं. तू काय बघत उभी आहेस? ती पाण्याची नळी आण. जावईबापू, एक टोक माझ्या हातात द्या. कुठे धरू?

जावई : ओंडक्याच्या खालच्या कडेला, मोरीच्या बाजूने. बोटाने तोंड बंद करू नका, पाणी हलायला हवं. हां, अस्संच.

सासूबाई : पाणी वर चढतंय.

जावई : म्हणजे तुमची बाजू खाली आहे.

सासूबाई : आजवर माझी बाजू कधी खाली नव्हती. घाला काहीतरी तिच्याखाली.

जावई : ही फळकुटं घालतो. अजून एक... पाणी?

सासूबाई : अजून थोडं खाली यायला हवं... आता जास्त झालं. तो पातळ तुकडा घ्या, हा नाही, तुमच्या पायाशी आहे तो. हां. आता दोन्हीकडे सारखं. बघ गं, लागलं की नाही?

लेक : लागलं.

जावई : आता पहिल्या फेरीत वरची पाचर निघून जाईल. ती गेली ती गेली. दुसऱ्या फेरीला फळी.

सासूबाई : बोलण्यात पेट्रोल घालवू नका. आणि साबणाचं पाणी संपत आलंय तुमच्या बाटलीतलं, ते बघा आधी. थांबा, मीच भरून आणते.

(सासूबाई बाटली भरून देतात आणि कानात कापूस घालून दारात उभ्या राहतात. यंत्र दोन फेऱ्या मारतं आणि बंद होतं.)

लेक : थांबलं. आई, इकडे ये. दोन्ही फेऱ्या झाल्या. कापूस काढ कानातला. फळी निघाली!

जावई : आई, तुम्हीच बघा. मी नाही बघत.

सासूबाई : दोघं मिळून धरा नीट. इकडे दोन बोटं. मध्ये... दोन. आता सरका. तिकडे... अगं हलवू नकोस... दोन. दोनच.

लेक : सुताराला फोन करू?

सासूबाई : फोन कशाला? फळी घेऊन जा दोघं. वखारीवरून जाणारा रस्ता घ्या. लांब पडतो, पडू दे.

जावई : आई, मग यंत्र अंगणातच राहू दे का?

सासूबाई : राहू दे. मोरीची वाट तेवढी सोडा. आणि जावईबापू, इकडे बघा, तोंडावर सांगते. यापुढे मी सरळ आहे म्हटलं, तरी तुम्ही मोजायचं.