बोटांना कळणारी कॉफी

गोरोकाच्या डोंगरात सोसायटीला कॉफीची फळं विकायच्या रांगेत माझ्यापुढे म्हातारा सोनोपे आणि त्याची बायको दोरकस उभी होती. दोघांच्या पाठीवर आपापल्या तोडणीची पिशवी होती. सोसायटी फक्त पिकलेलं लाल फळ घेते.

दोरकस नवऱ्याला म्हणाली, “उद्यापासून घरी बसा. डोळे गेलेत तुमचे.”

“बोटं आहेत ना! पिकलेलं फळ दाबलं की कळतं.”

“हो, चर्चमध्ये गीतांचं पुस्तकही उलटं धरता.”

“सूर तर सरळ लागतो ना?”

“तेवढंच! आज तुमची पिशवी परत आली, तर मळा कायमचा बंद.”

“बरं बाई.”

तपासणी करणाऱ्या मुलीने दोन्ही पिशव्या फळीवर ओतल्या.

“ही लालभडक आहे. या दुसरीत मात्र हिरवी फळं फार. कुणाची ही?”

दोरकसने रिकामी पिशवी पाठीमागे लपवली, तोवर सोनोपे पुढे झाला.

“माझी गं पोरी. डोळे गेलेत माझे.”

“मग निवडून आणा, आजोबा.”

दोघं झाडाखाली निवडत बसली.

“खोटं बोललात. रविवारी देवाला काय सांगाल?”

“तू सांग, मी सूर धरतो. मग, उद्या घरी बसू ना?”

“बसताय कसले! माझी फळं कोण दाबून बघणार?”