सव्वीस नव्हे, बावीस

आदरणीय अध्यक्ष आणि आमचे संचालक सी अब्दलमजीद, ट्यूनिसहून एवढ्या उन्हात स्फाक्सपर्यंत आलेले मंत्रालयातले पाहुणे, प्रयोगशाळेतले सर्व सोबती, आणि ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो त्या आमच्या विभागप्रमुख, ज्यांना आपण सगळे मानाने लल्ला म्हणतो त्या लल्ला नझीहा,

मला पाच मिनिटं दिली आहेत. सत्तावीस वर्षांच्या कामाला पाच मिनिटं! असो. सौर घट आम्ही बनवायचो आणि त्यावर पडलेल्या उजेडातून किती टक्के वीज निघते हे लल्लांच्या देखरेखीखाली मोजायचो. आम्ही आकडा घेऊन नाचत यायचो, आणि त्यांचा एकच प्रश्न असायचा, "चौकट ठेवलीस का रे?"

पाहुण्यांसाठी सांगतो. मोजताना घटावर एक काळी धातूची चौकट ठेवतात. तिच्या भोकातून पडेल तेवढाच उजेड हिशेबात धरायचा. ती नसली की कडेचा उजेडही आत शिरतो आणि आकडा उगाच चढतो. एकदा मी म्हणालो, "घाईत होतो, लल्ला." त्या म्हणाल्या, "म्हणून उजेड वाढला होय? जा, परत मोज. आणि येताना कॉफी आण, साखर कमी." तुम्ही हसताय. मीही तेव्हा हसलो होतो.

मग आमचा तो नवा घट आला. सिलिकॉनवर पातळ लेप, खर्च जवळजवळ तेवढाच आणि वीज जास्त. दूझकडच्या खजुराच्या बागांत पंप चालवायचे ठरले. बावीस टक्क्यांचा घट असता तर एका पंपाला बारा पॅनल लागले असते, सव्वीसचा असेल तर दहा पुरणार होते. दहा बसले तरच बागवाल्यांना परवडणार होतं. आकडा आला सव्वीस. मकरूद मिठाई वाटली, फोटो निघाले. लल्ला त्या आठवड्यात भाचीच्या लग्नाला कैरुआनला होत्या. पण आपल्याकडे पद्धत आहे, मोजणी कुणीही करो, कागदावर विभागप्रमुखांचं नाव आपोआप छापलं जातं.

गेल्या ऑगस्टमध्ये दहा पॅनलवरचे ते पंप दुपारीच धापा टाकू लागले. मी तिकडे गेलो होतो. हाज मबरूक नावाचे म्हातारे बागवाले मला म्हणाले, "काय रे, तुमच्या प्रयोगशाळेचा सूर्य तीनलाच घरी जातो का?" त्यांच्या झाडांवर खजूर वाळून सुरकुतला होता. मी मान खाली घालून पंपाच्या तारा तपासत बसलो.

चौकशी समिती बसली. लल्लांनी उठून एवढंच सांगितलं, "नोंद माझ्या विभागाची आहे. जबाबदारी माझी." म्हणून आज, वेळेच्या दोन वर्षं आधी, हा समारंभ. पत्रिकेत आपण 'स्वेच्छानिवृत्ती' छापलंय. कुणाची स्वेच्छा, सांगाल का कुणी?

कैरुआनहून परतल्या त्या दिवशी त्यांनी मला विचारलं होतं, "चौकट ठेवलीस ना?" मी म्हणालो, "ठेवली, लल्ला." त्यांनी परत मोजलं नाही. माझ्यावर विश्वास ठेवला.

चौकट मी ठेवली नव्हती.

वाटलं होतं, हे बोलताना रडू येईल. येत नाहीये. लाज वाटायला हवी, तर नुसतं बधिर वाटतंय, दात काढल्यावर हिरडी वाटते तसं. ऑगस्टपासून असंच आहे. घरी मुलं हाक मारतात, मी ओ देतो, जेवतो, झोपतो.

काल मी तोच घट चौकट ठेवून मोजला. बावीस. तो कागद आणि माझं लेखी निवेदन सी अब्दलमजीद यांच्यासमोर ठेवलंय. खाली पहिल्यांदाच माझं एकट्याचं नाव आहे. सी अब्दलमजीद, आज लल्लांना निरोप देऊ नका. द्यायचाच तर मला द्या.

आयोजकांचे, पाहुण्यांचे आणि शांतपणे ऐकून घेतल्याबद्दल तुम्हा सगळ्यांचे आभार. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर सांभाळून घ्या. लल्ला, तुम्ही मात्र माझं काही सांभाळून घेऊ नका. यापूर्वी घेतलंत, तेवढं पुरे झालं.