मामूच्या झाकणाचा खळगा

(बर दुबई, नोव्हेंबर २०००. शुक्रवारची दुपार, जुम्म्याची नमाज होऊन गेलेली. सुरैय्या शेगडीपाशी, तिचा मुलगा अन्वर स्वयंपाकघराच्या दारात. नव्या अल्युमिनियमच्या पातेल्यात भात शिजतो आहे.)

सुरैय्या: ते ऐकलं मी. चीनहून आलं. मी विचारतेय, चीनच्या झाकणाला माझ्या भावाचा खळगा कसा आला?

अन्वर: कुठला खळगा, अम्मा?

सुरैय्या: बोट फिरव कडेवरून. जपून, वाफ येतेय. लागला?

अन्वर: डिझाइन आहे ते.

सुरैय्या: डिझाइन! तुझ्या हमदुल्लामामूच्या साच्याचा टवका उडाला तेव्हा तू माझं बोट धरून उभा होतास. नाक गळत होतं तुझं. आणि आज मला डिझाइन सांगतोस?

अन्वर: बरं बाबा, ऐक. सॅम्पल म्हणून आपल्याच घरातलं एक पातेलं मी तिकडे पाठवलं होतं. फॅक्टरीवाल्याला म्हटलं, सेम टु सेम पाहिजे. त्याने सेम टु सेम केलं. खळग्यासकट. मलाही पेटी उघडल्यावर कळलं.

सुरैय्या: कळल्यावर फोन केलास त्याला? हा खळगा काढ म्हणून?

अन्वर: नाही.

सुरैय्या: का?

अन्वर: तुला माहीत आहे का ते. टांझानियात टांगा शहर म्हण, दार-ए-सलाम म्हण, बायका दुकानात येतात आणि आधी झाकणाच्या कडेवरून बोट फिरवतात. खळगा नसला तर पातेलं खाली ठेवून चालू लागतात. खळग्यातून वाफ जाते, भात उतू जात नाही. मी खळगा काढला असता तर माल गोदामात सडला असता.

सुरैय्या: म्हणजे मामूचं गिऱ्हाईक, आणि मामूच्याच खळग्याने ओढायचं.

अन्वर: ओढायचं कसलं? मामूला ते गिऱ्हाईक आता राहिलेलंच नाही. टांझानिया बाहेर पडला, अम्मा. सप्टेंबरमध्येच. कोमेसा खलास.

सुरैय्या: ते कोमेसा-फोमेसा मला नीट सांग. माझ्या वेळी त्याला दुसरं नाव होतं.

अन्वर: ते वेगळं होतं, केनिया-टांझानियासकट तीन देशांचं. हे आफ्रिकेतल्या वीस देशांचं. एकमेकांच्या मालावर जकात कमी घ्यायची, पुढे घ्यायचीच नाही, असा करार. त्यामुळे मामूचं पातेलं केनियातून, मोम्बासाहून टांझानियात सवलतीत जायचं, आणि माझं दुबईहून गेलं की पूर्ण जकात. दहा वर्षं मी त्या बाजाराच्या दाराबाहेर उभा होतो. आता टांझानिया म्हणतो, आम्ही त्यात नाही. मग मामूच्या पातेल्यावर तेवढीच जकात आणि माझ्या पातेल्यावर तेवढीच. माझं पडतं तीन दिरहमला. अडतीस रुपये, अम्मा! मामूचा नुसता पत्रा तेवढ्याला येतो.

सुरैय्या: आणि बाहेर का पडले म्हणे?

अन्वर: त्यांचंही खोटं नाही. जकात हेच त्यांचं उत्पन्न. ती सोडली तर शाळा कशावर चालवायच्या? शिवाय केनियाचे कारखाने मोठे. सगळा माल तिकडून यायचा, यांचे कारखाने बसले.

सुरैय्या: मग आता यांचे कारखाने उठतील?

अन्वर: इन्शाल्ला, उठतील कधीतरी.

सुरैय्या: कसे उठतील? ते उठायच्या आधी तुझी बोट पोचणार! शेजाऱ्याचं पातेलं नको म्हणून दार लावलं, आणि चीनचं पातेलं खिडकीतून घेतलं. यात त्या टांग्याच्या बाईला काय मिळालं? तिच्या पोराला काम मिळालं? काम मिळालं तुझ्या गोदामाला. आणि वर म्हणे देशाचं भलं! हेच, हेच बोलले होते तेव्हा. शब्दसुद्धा बदलत नाहीत मेले.

अन्वर: झालं, सुरू झालं टांगा.

सुरैय्या: होय, सुरू झालं. तिथे जन्मले मी, तुझ्या नानांचा कारखाना होता तिथे. तुला नको असेल तर कानात बोटं घाल. तीन देश, पण रेल्वे एक. विमानं एक. टपालाचं तिकीटसुद्धा एक, त्यावर तिघांची नावं. सकाळी टांग्याहून बसने निघालं की दुपारी मोम्बासाला मावशीकडे जेवायला. नाक्यावरचा शिपाई ओळखायचा आम्हाला, आंबे मागून घ्यायचा. मग लागले भांडायला. नैरोबीवाले म्हणाले, विमानं आमच्या पैशावर उडतात. दार-ए-सलामवाले म्हणाले, माल सगळा तुमचाच खपतो. कुणाला किती मिळालं, कुणाला किती कमी! जेवणाच्या ताटावर बसून भाताची शितं मोजल्यासारखं. आणि एक दिवस रेडिओवर सांगितलं, सरहद्द बंद.

अन्वर: अम्मा, मला माहीत आहे.

सुरैय्या: तुला ऐकून माहीत आहे. पत्रा यायचा मोम्बासाहून, तो थांबला. कारखाना थंड. तेव्हा हमदुल्ला म्हणाला, साचा घेऊन मी पलीकडे मोम्बासाला जातो, तिथे काम चालू ठेवतो, हे वेड फार दिवस टिकायचं नाही. नाक्यावर तोच शिपाई, पण आता ओळख दाखवेना. लॉरी रिकामी करा म्हणाला. साचा उतरवताना हातातून सुटला, दगडावर पडला, कडेचा टवका उडाला. हमदुल्ला तो उचलून पलीकडे गेला. मी आणि तू अलीकडे. सहा वर्षं. मध्ये तुझे नाना गेले. मोम्बासा केवढ्या अंतरावर? आपल्या रत्नागिरीहून पणजी असेल तेवढ्यावर. एकुलत्या एक मुलाला बापाच्या मय्यतीला खांदा देता आला नाही. त्या साच्यातून निघालेल्या प्रत्येक झाकणाला तेव्हापासून खळगा. हा तो खळगा आहे, अन्वर. तू चीनला पाठवून छापून आणलास.

अन्वर: तू असं बोलतेस की मी सरहद्द बंद केली.

सुरैय्या: तू नाही केलीस. तू टाळी वाजवलीस.

अन्वर: आणि अब्बांनी काय केलं? आपलं हे दुकान कशावर उभं राहिलं, सांग ना! ते भांडले म्हणूनच अब्बा दुबईला आले. सरहद्द उघडी असती तर आपण इथे असतो का?

सुरैय्या: तुझ्या अब्बांचं नाव घेऊ नकोस यात. शौकतने काय केलं? हमदुल्लाची पातेली मोम्बासाहून बोटीने इथे आणली, केनियाचं नाव दिसू नये म्हणून इथे पोती बदलली, आणि परत त्याच समुद्राने दार-ए-सलामला नेली. शेजारच्या घरात वाटी द्यायला गावाला वळसा! पण वाटी हमदुल्लाचीच होती. बंद दाराच्या बाजूने त्याने मेव्हण्याचा माल पोचवला. तू दार बंद झालं म्हणून मामूच्या जागी आपला माल लावतोस. हे एक आहे?

अन्वर: बाजारात जागा रिकामी राहत नाही, अम्मा. मी नाही गेलो तर शेजारच्या दुकानातला मुनीर जाईल. त्याचा कंटेनर पुढच्या महिन्यात येतोय, मला पक्की खबर आहे.

सुरैय्या: जाऊ दे मुनीरला. मुनीरच्या झाकणाला खळगा नसेल. मुनीरने केलं तर तो व्यापार. मुनीरच्या लग्नात हमदुल्ला मोम्बासाहून नवरदेवाचा साफा घेऊन आला नव्हता.

अन्वर: तो साफा किती वर्षं ऐकवणार?

सुरैय्या: मरेपर्यंत.

अन्वर: यल्ला, ठीक आहे. तू म्हणशील ते खरं. पण माल कुसैसच्या गोदामातून निघाला, उद्या सकाळी खाडीवर बोटीत चढतोय. आता मागे घेता येत नाही. तू फक्त तांदूळ दे.

सुरैय्या: कसले तांदूळ?

अन्वर: पहिल्या खेपेचे. पहिल्या पातेल्यात घरच्या बाईच्या हातचे मूठभर तांदूळ. रिकामं भांडं घरातून बाहेर काढू नये, तूच सांगतेस. नानी घालायची, तू घालतेस. मी टॉर्चची लाइन काढली तेव्हा बॅटरीच्या खोक्यातसुद्धा घातले होतेस.

सुरैय्या: घातले होते.

अन्वर: मग?

सुरैय्या: डबा समोर आहे. घे आणि घाल.

अन्वर: मी घालून काय उपयोग? तुझ्या हातचे पाहिजेत.

सुरैय्या: बघ. हातसुद्धा पाहिजे माझा! खळगा भावाचा, हात बहिणीचा, आणि नफा भाच्याचा.

अन्वर: नफा कुणासाठी करतोय मी? या घराचं भाडं कोण भरतं? माझ्या पोरीची, इनायाची शाळेची फी? मामू भरतो?

सुरैय्या: मामूने भरली होती एकदा. तुझी.

अन्वर: ते कशाला आता?

सुरैय्या: बोल ना. अब्बांचा पहिला माल बोटीत भिजला तेव्हा. आठवतं का, की तेही डिझाइन होतं?

अन्वर: आठवतं.

सुरैय्या: तो दोन देशांचा राग मी समजू शकते. ते परके लोक, खुर्चीवर बसलेले, त्यांना हमदुल्ला कोण ते ठाऊक नाही. आणि त्यांना धरबंध कसला! याच वर्षी त्या तिघांनी पुन्हा एकत्र यायचा करार चालू केला ना? तूच पेपर वाचून दाखवलास.

अन्वर: ते वेगळं, अम्मा. त्याची जकात ठरायला अजून काही वर्षं लागतील.

सुरैय्या: एका हाताने निकाह, दुसऱ्या हाताने तलाक. आणि मधल्या वर्षांत माझा भाऊ काय खाणार? करारनामा? जाऊ दे, त्यांच्याकडून मी काही मागत नाही. घरातल्याकडून मागते. मामूला सांगितलंस?

अन्वर: सांगणार आहे.

सुरैय्या: कधी?

अन्वर: माल पोचल्यावर. आत्ता सांगितलं तर उगाच मनाला लावून घेतील. आणि प्लीज, आज त्यांचा फोन येईल, तेव्हा तू काही बोलू नकोस. एवढं ऐक माझं. फक्त आजच्या दिवस.

सुरैय्या: आलाच बघ फोन. दर जुम्म्याला, नमाज झाली की. शंभर वर्षं आयुष्य आहे त्याला. तो स्पीकर लाव, माझे हात ओले आहेत.

अन्वर: अम्मा, ऐकशील ना?

सुरैय्या: लाव म्हटलं ना.

हमदुल्ला: हॅलो! आपा? अस्सलामु अलैकुम!

सुरैय्या: वालेकुम अस्सलाम. ओरडू नकोस, बहिरी नाही झाले अजून. जेवलास?

हमदुल्ला: जेवलो. तुझ्यासारखं नाही मिळत, पण जेवलो. अन्वर आहे का?

अन्वर: आहे, मामू. सलाम.

हमदुल्ला: जीते रहो बेटा. बरं झालं सापडलास. ऐकलंस ना तिकडचं? टांझानियाचं? दार-ए-सलामच्या ऑर्डरी थांबल्या. एकेकाचे फोन येतात, हमदुल्लाभाय, माफ करा, आता तुमचा माल परवडत नाही. मी म्हटलं, तुमचा काय दोष! रमजान तोंडावर आहे, कारागिरांना म्हटलंय, ईदपर्यंत थांबा. माझा भाचा दुबईला आहे, शिकलेला आहे, तो काहीतरी रस्ता काढेल.

अन्वर: हो... बघतो ना, मामू.

हमदुल्ला: तुझ्या अब्बांनी काढला होता तसा. शौकतभाय म्हणायचे, दोन देश बोलत नसले तरी समुद्र बोलतो. घाई नाही हां. तू तुझं काम सांभाळून बघ.

सुरैय्या: ऐकतोय तो.

हमदुल्ला: आणि आपा, हे काय वाजतंय तुझ्याकडे? फुरफुर, फुरफुर?

सुरैय्या: भात आहे.

हमदुल्ला: अगं, हे तर आपलंच झाकण! अंधारातसुद्धा ओळखीन मी. कारखान्यात दुपारी पोरं भात लावतात ना, हाच आवाज. खळग्यातून वाफ निघते तो. अजून टाकलं नाहीस? एवढा पैसा आला दुबईत, स्टीलची घे म्हटलं तर घेत नाहीस! कितव्या सालचं गं ते?

सुरैय्या: मला आठवत नाही. अन्वरला विचार, त्यानेच आणून दिलंय.

हमदुल्ला: काय रे, कितव्या सालचं?

अन्वर: अम्मा...

सुरैय्या: मामू विचारतोय. मी काही बोलत नाहीये.

अन्वर: यंदाचं आहे, मामू.

हमदुल्ला: यंदाचं? यंदा मी कुठे पाठवलं रे बेटा?

अन्वर: मामू, फोन ठेवू नका.