मोरीसाठी कळकाचा पाला

ऐका. सरकून बसा जरा, शेकोटी सगळ्यांचीच आहे.

धाकूची मोरी गाय व्याली. वासरू उठलं, प्यायलं. पण वार, वासरामागून पडते ती, पडेना. दिवस मावळला, रात्र झाली, वार तशीच लोंबती. आत कुजली असती तर गाय हातची गेली असती. यावर कळकाचा, म्हणजे बांबूचा, ओला पाला खाऊ घालतात. शहाणा माणूस तो दिवसाच आणून ठेवतो. धाकूनं ठेवला नव्हता. निघाला कोयती घेऊन, ओढ्याकाठच्या कळकाच्या बेटाकडं.

आता नेम असा, की औषध तोडल्यापासून जनावराच्या तोंडात पडेपर्यंत बोलायचं नाही. बोललं की पाल्यातला गुण गेला. आणि त्या ओढ्यात जे राहतं ना, त्यालाही हा नेम ठाऊक!

पाला तोडला, पेंढी बांधली, बगलेत धरली. तोच मागून शेजारच्या केरबाची हाक, "ए धाकूदा, चुना हाय का रं?" धाकूचा हात खिशाकडं गेलासुद्धा. पण केरबा तर चार दिवस बहिणीच्या गावी! चालला गप.

मग समोरून सगुणा. त्याची बायको हो. रडत. "अहो, गेली आपली मोरी. टाका तो पाला. बोला तरी माझ्याशी!" तोंड उघडलंच त्यानं. पण हातात कंदील नाही, नि एवढ्या अंधारात तिचा चेहरा लख्ख दिसतोय. काय म्हणावं! वळसा घालून पुढं.

पुढं वाटेत मोरीच उभी. तीच मोरी, तेच मोडकं शिंग. मान लांब केली पाल्याकडं. धाकूचा जीव कळवळला. पेंढीची गाठ सोडलीच त्यानं. पण गुरं पाळणाऱ्याची सवय, हात आधी कासेला गेला. नुकती व्यालेली गाय, कास कशी तटतटलेली हवी. ही कोरडी! गार, दगडासारखी!

किंकाळी ओठांवर आली हो. मग काय केलं त्यानं? मूठभर पाला आपल्याच तोंडात कोंबला. ओरडायला जागाच ठेवली नाही! आणि सुटला पळत. मागं खुरं वाजतायत. टप, टप. दोनच खुरं!

गोठ्यात सगुणा कंदील धरून. "अहो, हे काय तोंडात?" तो गप. मोरीनं त्याच्या तोंडातूनच पाला ओढून घेतला. मग बोलला, "सगुणे, तू बाहेर पडली होतीस?"

"मी कशाला पडू? हिच्यापाशीच होते की."

पहाटे वार पडली. गाय वाचली.

लेकरांनो, गाय व्यायला झाली की पाला उन्हातच तोडून ठेवा. आणि राहिलाच, तर त्या ओढ्याच्या वाटेला जाऊ नका. माझ्या घरामागच्या परड्यात कळक आहे. कितीही रात्र होवो, मला उठवा.